अमेरिकेसारखी निवडणूक आपल्याकडं झाली तर? पाकिस्तानात काय घडलं होतं ते वाचा

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक आली की मोबाईलवर 270 हा आकडा फिरायला लागतो. जास्त मतं मिळालेला उमेदवार तिथं हरू शकतो, हे ऐकून बरेच जण चक्रावतात. हे गणित काय आहे आणि दुसऱ्या देशानं ते घेतलं तर काय होतं, ते बघू.

अमेरिकेत मत जनता देते, पण अध्यक्ष निवडतात 538 निर्वाचक. राज्याचे दोन्ही सभागृहांचे मिळून जेवढे खासदार, तेवढे त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनचे वेगळे 3. पन्नासपैकी 48 राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली, तरी खुर्चीवर ट्रम्प बसले.

आता हेच आपल्याकडं लावून बघा. महाराष्ट्राचे लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19, म्हणजे 67 निर्वाचक. एखादा पक्ष राज्यात हजारभर मतांनी पुढं असला तरी 67 पैकी 67 त्याचे. दुसऱ्याला पडलेल्या कोट्यवधी मतांची किंमत शून्य. गोव्याचे 2 आणि 1 मिळून 3. सन 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यात साधारण पाच लाख लोकांमागं एक निर्वाचक येतो, आपल्याकडं साधारण सतरा लाखांमागं एक. म्हणजे गोव्यातल्या माणसाच्या मताला आपल्या तिपटीहून जास्त वजन.

शेजारच्या पाकिस्ताननं तर वेगळाच प्रकार करून बघितला. लष्करशहा अयूब खान यांनी 1959 मध्ये ‘बेसिक डेमोक्रॅट’ पद्धत आणली. गावपातळीवर 80 हजार सदस्य लोकांनी निवडायचे, निम्मे पश्चिम पाकिस्तानात, निम्मे पूर्वेला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. राष्ट्राध्यक्ष या 80 हजारांनीच निवडायचा. जानेवारी 1965 मध्ये अयूब यांच्या विरोधात जिनांच्या बहीण फातिमा जिना उभ्या राहिल्या. त्यांच्या सभांना तुफान गर्दी झाली. पण गर्दीतल्या माणसाला मतच नव्हतं. मत होतं ते सदस्याला, आणि सदस्याचं काम अडलेलं सरकारी अधिकाऱ्यांपाशी. अयूब जिंकले. चार वर्षांनी लोक रस्त्यावर उतरले आणि 1969 मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. 1970 ची निवडणूक मग प्रत्येक प्रौढाच्या थेट मतानं झाली.

अर्जेंटिना आणि फिनलंड या देशांतही निर्वाचक मंडळ होतं. दोघांनी ते सोडलं आणि 1990 च्या दशकात थेट मतदान घेतलं.

आपल्याकडं ही पद्धत अजिबात नाही असं मात्र नाही. राष्ट्रपती निवडून आलेले खासदार आणि आमदारच निवडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, उत्तर प्रदेशच्या 208 आणि सिक्कीमच्या फक्त 7. हे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवर काढलेलं आहे.

सरपंचाचंही असंच वर-खाली झालं. आधी सदस्य सरपंच निवडायचे. 2017 मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. सदस्यांतून निवड असली की चार-पाच जण फोडले, सहलीला नेले की काम भागतं. थेट निवडीत ते जमत नाही, पण सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं तर ठराव अडकून पडतात. दोन्हीकडं अडचण आहे, फरक एवढाच की थेट निवडीत सरपंच कोण हे गाव ठरवतं.

पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आजही सदस्यच निवडतात. म्हणजे तिथला सदस्य हा आपला निर्वाचकच झाला. मत मागायला दारात आला की रस्ता-पाण्याबरोबर एवढंही विचारा, “अध्यक्षपदाला हात कुणासाठी वर करणार?”