सेवा बंद होते तेव्हा : तक्रारीच्या भाषेतील ‘माझे’

प्रस्तावना

प्रयोग, विभक्ती आणि सर्वनामे ही केवळ व्याकरणाची प्रकरणे नाहीत. बोलणाऱ्याची भूमिका आणि तो कोणावर जबाबदारी ठेवतो हेही त्यांतून कळते. मोफत संगीतसेवा बंद झाल्यावर उमटणाऱ्या प्रतिक्रियांच्या आधारे आपण हे पाहू.

पार्श्वभूमी

‘गाना’ या सेवेने सप्टेंबर २०२२ मध्ये मोफत श्रवणाची सोय थांबवली. ‘रेसो’ ही सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाली. एअरटेलने २०१४ मध्ये सुरू केलेले ‘विंक म्युझिक’ बंद करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. अशा सेवांना गीतांच्या हक्कधारकांना मोबदला द्यावा लागतो. श्रोता पैसे देत नसेल, तर तो खर्च मुख्यतः जाहिरातींतून भरून काढावा लागतो.

सूचना आणि तक्रार

पुढील दोन वाक्ये नमुन्यादाखल घेऊ.

(१) ‘सेवा बंद करण्यात येत आहे.’
(२) ‘तुम्ही माझी गाणी काढून घेतलीत.’

पहिल्या वाक्यात कर्ता नाही. निर्णय कोणी घेतला हे न सांगता तो कळवण्याची सोय ‘करण्यात येणे’ या रचनेत आहे. दुसऱ्या वाक्यात ग्राहक कर्त्याला परत आणतो. ‘घेतली’ हे रूप ‘गाणी’ या कर्माप्रमाणे बदलते, तर अंत्य ‘त’ हा ‘तुम्ही’ या कर्त्याचा निदर्शक आहे. हा कर्तृ-कर्मसंकर होय. सूचनेने लपवलेली जबाबदारी तक्रार या एका प्रत्ययाने उघड करते.

‘माझी’ कोणत्या अर्थाने?

धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून विकत आणलेली घागर ‘माझी’ असते, तेव्हा ते सर्वनाम मालकी दाखवते. घागर मोडीत घालण्याचा हक्कही माझाच असतो. ‘माझे गाव’ म्हणताना मात्र मालकी नसते, नाते असते. अहिराणीतील ‘मना’, ‘मनी’ ही रूपेही या दोन्ही अर्थांनी येतात. मोफत सेवेतील गाणी पहिल्या अर्थाने ग्राहकाची कधीच नव्हती; त्याला होती ती ऐकण्याची परवानगी. कॅसेट विकणारे दुकान बंद पडले तरी कॅसेट घरात राहत असे. येथे दुकानाबरोबर कपाटही जाते.

तरीही तक्रार निराधार ठरत नाही. आईच्या आवडीची गाणी एकत्र करणे, पहाटेची आणि प्रवासाची यादी वेगळी ठेवणे, हे वर्षानुवर्षांचे काम श्रोत्याचे असते. गाणी अन्यत्र मिळतील. ती निवड आणि तो क्रम पुन्हा जुळवावा लागेल. ‘धर्माच्या गाई आणि दात का गं नाही’ असे म्हणून या ग्राहकांची थट्टा केली जाते. परंतु ही म्हण दानाला लागू पडते. येथे ग्राहकाने पैसे दिले नसले, तरी जाहिराती ऐकून आपला वेळ दिलेला असतो.

समारोप

तक्रारीतील ‘माझे’ कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. भाषेच्या कसोटीवर ते खरे असते. ग्राहकाची चूक दाखवण्यापूर्वी त्याचे सर्वनाम कोणत्या अर्थाचे आहे, हे अभ्यासकाने तपासले पाहिजे.

आपली प्रगती तपासा

आपल्या परिसरातील एखादी जाहीर सूचना आणि तिच्यावरील एक प्रतिक्रिया घ्या. दोहोंतील कर्ता शोधून त्यांची तुलना करा.