पेकिंग ते पॅरिस : जुन्या मोटारींची दीर्घ दौड

१० जून १९०७ रोजी पेकिंगहून निघालेल्या पाच वाहनांपैकी इटलीचा राजपुत्र शिपियोने बोर्गेझे याची ‘इटाला’ १० ऑगस्टला सर्वांआधी पॅरिसला पोहोचली आणि त्या अचाट प्रवासाच्या स्मरणार्थ १९९७ पासून जुन्या मोटारींची दौड अधूनमधून भरू लागली. हिच्यातील ‘नियमितता’ चाचणीत वेगाची चढाओढ नसते, तर नेमून दिलेला सरासरी वेग सेकंदाच्या हिशेबाने राखायचा असतो, म्हणून चालकाशेजारचा मार्गदर्शक स्टॉपवॉच व मार्गपुस्तिका मांडीवर घेऊन प्रत्येक वळण मोजत राहतो. खरी कसोटी मात्र यंत्राचीच: रणरणत्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंजिन बंद पडते, ज्याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना उपाय आजही कामी येतो.