लाख, तंतू आणि उष्णता

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारालगतची ‘मनिहारों का रास्ता’ ही गल्ली लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर लाखेत खनिज भुकटी व रंग कालवतो, काठीच्या टोकावरचा तो गोळा कोळशाच्या शेगडीवर मऊ करतो आणि त्याची लांब वळी करून कडे वळवितो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर एका सूक्ष्म कीटकाने स्रवलेली राळ होय. उष्णतेने मऊ होणारी व निवल्यावर कठीण बनणारी ही राळ निसर्गाने घडविलेले प्लॅस्टिकच म्हणावे लागेल.

अशी राळ एकटी असता ठिसूळ असते. तिच्यात तंतू मिसळल्यास तडा सहजासहजी पुढे सरकत नाही. भिंतीच्या मातीत गवत तुडविण्यामागेही हेच तत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ध्वनिमुद्रिका लाख, खनिज भुकटी व कापसाचे आखूड तंतू यांचे मिश्रण साच्यात दाबून तयार करीत.

आता लाखेऐवजी मका अथवा उसाच्या शर्करेपासून मिळणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, आणि कापसाऐवजी ताग, अंबाडी किंवा काथ्या वापरता येतो. परंतु येथे उष्णता व ओल यांचे भान ठेवावे लागते. हे प्लॅस्टिक सुमारे १५० ते १८० अंश सेल्सिअसला वितळते, तर वनस्पतिज तंतू २०० अंशांच्या आसपास करपू लागतात. काम उरकायचे ते या अरुंद पट्ट्यातच. तंतूंत ओल राहिली तर पाण्यामुळे प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि वाफेचे बुडबुडे वस्तूत अडकतात. म्हणून दोन्ही द्रव्ये आधी नीट वाळवितात. तंतू दाहक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुतल्यास त्यांवरील मेण निघून पकड सुधारते. यंत्राच्या मळसूत्रात मिश्रण फार घुसळले, तर मात्र तंतूंचे तुकडे होऊन बळ घटते. लाखेलाही अतिरेक सोसत नाही: फार वेळ तापविलेली लाख पुन्हा वितळत नाही.

भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यांना पर्याय शोधताना ‘जैवविघटनशील’ या शब्दाची मर्यादा ओळखली पाहिजे. पॉलिलॅक्टिक आम्ल लवकर कुजण्यास सुमारे ६० अंश उष्णतेचा, ओलसर खतढीग लागतो. रस्त्याकडेच्या मातीत ते वर्षानुवर्षे टिकू शकते. वस्तू घडविणे हे निम्मेच काम. ती योग्य ढिगापर्यंत पोहोचविणे हे उरलेले निम्मे होय.