वाळूच्या कणावरचा लेप आणि थॅलेसेमियाचे निदान

भिवंडीजवळच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गोदामांच्या पट्ट्यात आसपासच्या आदिवासी पाड्यांपासून उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपर्यंतची माणसे पोटासाठी येऊन राहिली आहेत. अशा वस्तीतल्या एखाद्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन ९ ग्रॅम भरले, की पहिला विचार लोहाच्या कमतरतेचा येतो आणि बहुधा तो बरोबरही असतो. पण गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल, तर ती थॅलेसेमियाची वाहक तर नाही ना, हे पाहावे लागते. सिकलसेलच्या वाहकाचे तर हिमोग्लोबिनही बहुतेकदा चांगले असते, त्यामुळे वरून काहीच कळत नाही.

वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

वाहक ओळखण्यासाठी 'एचपीएलसी' ही तपासणी करतात. यंत्राच्या पोटात धातूची एक छोटी नळी असते आणि तिच्यात अतिशय बारीक कण ठासून भरलेले असतात. खरे काम हे कणच करतात. असे कण अनेकदा सिलिकाचे, म्हणजे वाळूत असते त्याच द्रव्याचे असतात. पण नुसती सिलिका प्रथिनांना घट्ट धरून ठेवते आणि अल्कधर्मी द्रावणात झिजते. म्हणून तिच्यावर पॉलिमरचा लेप द्यावा लागतो.

अमेरिकेतील अँड्र्यू अल्पर्ट यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत त्यासाठी समजून घेण्याजोगी आहे. सच्छिद्र सिलिकावर आधी अमाइन गटांचे 'आकडे' बसवले जातात. मग पॉलिसक्सिनिमाइड या पॉलिमरच्या द्रावणात ते कण ढवळले की पॉलिमर आकड्यांना पक्का जोडला जातो. शेवटी त्याची उरलेली वलये पाण्याच्या अभिक्रियेने उघडतात आणि कणावर पॉलिअ‍ॅस्पार्टिक आम्लाचा, ऋण विद्युतभाराचा पातळ थर तयार होतो. लेप सगळीकडे सारखा बसला नाही, तर निकालही विश्वासाचा राहत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नळ्यांत लेप वेगळा असला, तरी तत्त्व तेच.

रक्ताचा नमुना या नळीतून गेला, की ज्या हिमोग्लोबिनवर धनभार जास्त, ते लेपाला जास्त वेळ चिकटून राहते. सिकलसेलमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, त्यामुळे एक ऋणभार कमी होतो आणि 'हिमोग्लोबिन एस' नेहमीच्या 'ए'पेक्षा उशिरा बाहेर पडते. 'ए२' हेही उशिरा येते. त्याचे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची दाट शक्यता असते.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. पूर्व भारतात आढळणारे 'हिमोग्लोबिन ई' बहुतेक यंत्रांत 'ए२'च्या जागीच उमटते. लोहाची कमतरता 'ए२' थोडे कमी दाखवू शकते. नुकतेच रक्त चढवले असेल, तर आलेख फसवा ठरतो. म्हणून अहवाल रक्ताच्या इतर तपासण्यांसोबतच वाचायचा असतो, आणि तो हाती येईपर्यंत लोहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नसतात.

२०२३ च्या जुलैमध्ये देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. त्यासाठी लोकांनी वेळेत तपासणीला यायला हवे. लग्नाआधी तपासणी झाली तर उत्तमच. नाहीतर गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांत करावी आणि पत्नी वाहक निघाली तर पतीने लगेच रक्त द्यावे. दोघेही वाहक असतील, तर ११ ते १४ आठवड्यांदरम्यान गर्भाची तपासणी करता येते. पतीची तपासणी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहिली, तर ही मुदत हातची जाते.