फळमाशीच्या पोटातले बिऱ्हाड

बालाघाटच्या पठारावर पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात केशर आंबा कोकणातल्या हापूसच्या मागून, म्हणजे मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या आरंभापर्यंत तोडणीला येतो, आणि नेमक्या याच दिवसांत वळवाच्या सरींनी झाडाखालची माती ओलावून फळमाशीची संख्या भराभर वाढू लागते. हापूसचा बराचसा माल या वाढीच्या आधीच बाजारात गेलेला असतो; मराठवाड्यातल्या केशरला ती सवड मिळत नाही. त्यामुळे मोहोराच्या वेळी तुडतुडे आणि भुरी यांच्यापासून जपलेले फळ अखेरच्या पंधरवड्यात हातचे जाते, आणि तेही अशा रीतीने की तोडताना ते निर्दोष दिसते, अढीत घातल्यावर एका अंगाने मऊ पडते आणि कापल्यावर गरात अळ्या वळवळताना आढळतात.

ही फळमाशी म्हणजे घरात पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे चिलट नव्हे. ते चिलट, म्हणजे आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांनी शंभराहून अधिक वर्षे पाळलेली ड्रॉसोफिला, आंबू लागलेल्या फळावर जगते आणि शेतकऱ्याचे सहसा काही बिघडवत नाही. आंबा, पेरू आणि सीताफळ यांच्यावर येणारी माशी ‘बॅक्ट्रोसेरा’ या गटातली असून तिची ‘डॉर्सालिस’ ही जात भारतात सर्वाधिक उपद्रवी आहे. कारली, दोडकी, काकडी अशा वेलवर्गीय पिकांवर तिच्याच भावकीतली एक माशी येते. डॉर्सालिसची मादी घरमाशीएवढीच, पण अंगलटीने गांधीलमाशीकडे झुकणारी असते; तिच्या पाठीवर पिवळे पट्टे असतात आणि पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी असते. पाडाला आलेल्या फळावर ती थोडी फिरते, जागा चाचपते, ती नळी सालीत रुतवते आणि सालीच्या लगेच खाली अनेक अंडी एकत्र ठेवते. या डंखाच्या जागी प्रथम सुईच्या टोकाएवढे छिद्र आणि चिकाचा एखादा थेंब दिसतो, मग तिथे काळसर डाग पडतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या आठवडाभर गर खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर फळाबाहेर पडतात. या वेळी अळी आपले शरीर धनुष्यासारखे वाकवून एकदम सोडते आणि उडी मारून फळापासून दूर जाते. पुढे ती मातीत बोटभर खोल शिरून कोषात जाते, आणि माती ओलसर असली की या कोषांतून माश्या बाहेर पडणे सुकर होते. वळवाचा पाऊस आणि माशीची वाढ यांचा संबंध बऱ्याच अंशी इथे आहे.

या किडीवरचा प्रत्येक परिणामकारक उपाय तिच्या एखाद्या सवयीवर बेतलेला आहे. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हाउलेट यांनी १९१२ मध्ये असे नोंदवले की, डास दूर ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. १९१५ मध्ये त्यांनी या आकर्षणामागचे मिथिल युजेनॉल हे द्रव्य ओळखले. तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते, म्हणूनच पाने कुटून सापळ्यात ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच गंधावर चालतो. वेलवर्गीय पिकांवरची माशी मात्र या गंधाला दाद देत नाही. तिच्यासाठी क्यूल्युअर हे निराळे द्रव्य लागते, आणि आंब्यासाठी आणलेली मिथिल युजेनॉलची वडी काकडीच्या मांडवात टांगली तर सापळा रिकामा राहतो.

नर या द्रव्यासाठी जीव का टाकतो, याचे उत्तर बरेच नंतर मिळाले. मिथिल युजेनॉल खाल्लेला नर त्याचे रूपांतर दुसऱ्या सुगंधी द्रव्यांत करून ती मलाशयाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी मादीला बोलावताना हवेत सोडतो. अत्तर लावलेल्या अशा नराला मादी अधिक पसंत करते. सापळ्यात पडलेले शेकडो नर पाहून बागायतदाराला समाधान वाटते, पण ते समाधान काहीसे फसवे आहे. मादी या सापळ्याकडे फिरकत नाही, आणि एकच नर अनेक माद्यांशी समागम करू शकत असल्याने मागे उरलेले थोडे नरही वंशवाढीला पुरतात. पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावर १९६० नंतरच्या दशकात केवळ नर संपवून या माशीचे निर्मूलन झाले खरे, परंतु त्या बेटाला चहूबाजूंनी समुद्राची भिंत होती. तुळजापूर किंवा कळंब तालुक्यातील बागेला बांधापलीकडे दुसरी बाग असते आणि माशीला सातबारा ठाऊक नसतो.

गेल्या काही दशकांत या सवयींचा आणखी एक वाटेकरी समोर आला आहे, तो म्हणजे माशीच्या आतड्यात राहणारे जिवाणू. यजमानाबरोबर राहून त्याला उपयोगी पडणाऱ्या अशा सूक्ष्मजीवांना सहजीवी म्हणतात. इटलीतील शास्त्रज्ञ पेत्री यांनी १९०९ मध्येच ऑलिव्हवरील फळमाशीच्या अन्ननलिकेलगतच्या एका फुगीर पिशवीत जिवाणूंची वस्ती पाहिली होती, आणि ही मंडळी तिथे करतात काय, याचा उलगडा व्हायला पुढे जवळजवळ शतक गेले. कच्च्या ऑलिव्हमधील कडू द्रव्य अळीला पचवता येत नाही. जिवाणू सोबतीला असले तरच ती कच्च्या फळात वाढते, आणि प्रतिजैविके देऊन जिवाणू काढून टाकले तर तिची वाढ खुंटते. आंब्याच्या गरात साखर मुबलक आणि प्रथिने अगदी कमी असल्याने तिथेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. भूमध्यसागरी फळमाशीच्या आतड्यातील जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधून घेतात, म्हणजे हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी शेतासाठी जे काम करतात तेच काम माशीच्या पोटात चालते, असे इस्रायलमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले.

मादी अंडी घालते तेव्हा त्यांच्याबरोबर हे जिवाणूही फळात उतरतात. दुधाला विरजण लावावे तसे ती फळाला विरजण लावते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही: जिवाणू गरात वाढतात, गर मऊ करतात आणि अळीला कुजलेला, पण तिच्या दृष्टीने पौष्टिक असा घास तयार मिळतो. आंबा ‘अळीने नासला’ असे बोलण्याची पद्धत आहे; वस्तुतः नासवण्याच्या कामात अळी आणि जिवाणू यांची भागी असते.

हे बिऱ्हाड पचनापुरतेच थांबत नाही. चिनी संशोधकांना आढळले की डॉर्सालिसच्या अंड्यांवरील काही जिवाणूंमुळे फळाचा गंध बदलतो आणि त्या गंधामुळे दुसरी मादी त्याच फळात अंडी घालण्याचे टाळते, म्हणजे घर भरले असल्याची पाटी जिवाणूच लावतात. नराच्या मलाशयातील बॅसिलस जिवाणू मादीला आकर्षित करणारी काही गंधद्रव्ये तयार करण्यात भाग घेतात, असेही २०२१ मध्ये दिसून आले. तेव्हा नराचे अत्तर निम्मे वनस्पतीकडून आणि निम्मे पोटातल्या भाडेकऱ्यांकडून आलेले असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र २०१७ सालचा आहे. डॉर्सालिसच्या आतड्यातील सिट्रोबॅक्टर हा जिवाणू ट्रायक्लोरफॉन या कीटकनाशकाचे विघटन करतो आणि त्यामुळे त्याच्या यजमानाला ते विष अधिक सोसते. औषध लागू पडेना की मात्रा वाढवायची, ही सर्वत्र चाललेली रीत किती उथळ आहे ते या एका निष्कर्षावरून कळावे; कारण तशा फवारणीत विष पचवणारे जिवाणू पोटात असलेल्या माश्याच मागे उरण्याची शक्यता असते.

या ज्ञानाचा वापर करण्याचे प्रयत्न मुख्यतः वंध्य नर पद्धतीत झाले आहेत. या पद्धतीत प्रयोगशाळेत कोट्यवधी माश्या वाढवून, किरणोत्सर्गाने नरांची प्रजननक्षमता नष्ट करून ते मोकळे सोडतात, म्हणजे त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. जपानने ओकिनावा बेटांवरील वेलवर्गीय पिकांची फळमाशी याच मार्गाने १९९३ पर्यंत संपवली. अडचण अशी की किरणांचा मारा नराच्या आतड्यातील जिवाणूंचाही समतोल बिघडवतो आणि तो नर रानातल्या नरापुढे फिका पडतो. भूमध्यसागरी फळमाशीच्या अशा नरांना खाद्यातून क्लेबसिएला हा जिवाणू परत दिल्यावर ते मादी मिळवण्यात अधिक यशस्वी ठरले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. ऐकायला हे आकर्षक आहे, पण बेटावर जमणारे काम पठारावर तसेच जमेल असे मानणे धाडसाचे ठरेल.

निर्यातीच्या बाजूने हा प्रश्न अधिक निर्दय होतो, कारण तिथे पेटीत सापडलेली एक जिवंत अळी सगळा माल परत पाठवायला पुरते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह भारतीय आंबा आणि काही भाज्यांवर बंदी घातली, ती मुख्यतः फळमाशीसारख्या किडी मालात सापडल्यामुळे, आणि आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली. तेव्हापासून फळ ४८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर बुडवणे किंवा त्याला उष्ण बाष्पाची प्रक्रिया देणे हा निर्यातीचा नेहमीचा भाग झाला. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी २००७ पासून नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्राचा उपयोग होऊ लागला.

बागेत मात्र उपाय जुनेच आहेत आणि जिवाणूंच्या अभ्यासाने त्यांचे कारण अधिक स्पष्ट केले आहे. अंडी पक्व होण्यासाठी मादीला प्रथिने हवी असतात आणि त्यांच्या शोधात ती जिवाणूंच्या वाढीतून सुटणाऱ्या वासाकडे जाते. म्हणून प्रथिनयुक्त आमिषात थोडे कीटकनाशक मिसळून ते संपूर्ण झाडावर न फवारता खोडावर आणि पानांवर ठिपक्यांनी लावले, तर गंधसापळ्याला न भुलणारी मादीही सापडते. फळे लिंबाएवढी मोठी झाल्यावर कागदी पिशवीत झाकणे खर्चिक असले तरी निर्यातीच्या मालाला परवडते. सापळे एकट्याने लावण्यापेक्षा शिवारातल्या सर्व बागांनी एकाच आठवड्यात लावले, तर रोटा बेटाचा थोडासा आभास तरी निर्माण होतो.

या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गळलेल्या फळांकडे. तोडणीच्या गडबडीत झाडाखाली पडलेला सडका आंबा कोणी उचलत नाही आणि उचललाच तर तो बांधावरच्या उकिरड्यात जातो, जिथे अळ्यांना कुजका घास, ओलावा आणि कोषात जायला मऊ माती अशा तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. हीच फळे दर दोन-तीन दिवसांनी वेचून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून जूनच्या उन्हात ठेवली, तर आतल्या तापमानाने अळ्या मरतात. खड्ड्यात पुरायची असतील तर वर किमान दोन फूट माती दाबून टाकावी लागते, कारण वीतभर मातीतून नवी माशी सहज वर येते, पंख वाळवते आणि जवळच्या झाडावर उरलेल्या शेवटच्या केशरकडे वळते.