आंदणातला किल्ला

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही चाळीस वर्षे भांडत होत्या. भांडणाचे मूळ एका लग्नात होते. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातली मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली. सोलापूर आंदणात द्यायचे ठरले होते, असे नगरकर म्हणत राहिले. विजापूरकरांनी किल्ला काही दिला नाही. मग वेढे पडले, फौजा कापल्या गेल्या, किल्ला या हातातून त्या हातात गेला. अखेर तोड निघाली तीही लग्नानेच. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूर आंदण दिले. सोयरीक जुळली, गोवळकोंडा आणि बीदरही येऊन मिळाले, आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराय मारला गेला. हंपी लुटली गेली ती पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही.

आता समजा, हुसेन निजामशहा हट्टाला पेटला असता. मुलगी देतो, किल्ला देणार नाही, म्हणाला असता. सोयरीक फिसकटली असती, दक्षिणेतले सुलतान एका बाजूने रणात उतरले नसते, विजयनगर आणखी शे-दीडशे वर्षे टिकले असते. मग आदिलशाहीकडून शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली असती का? आणि ती मिळाली नसती तर पुढचे सगळे कुठल्या वाटेने गेले असते? पार्क चौकातून किल्ल्याकडे जाताना असल्या विचारात कोणी हरवले तर रिक्षावाल्याच्या शिव्या खाव्या लागतील, पण साहित्यातला एक अख्खा प्रकार याच विचारावर उभा आहे. त्याला पर्यायी इतिहास म्हणतात.

इतिहासात जर-तरला जागा नाही, असे इतिहासकार वर्गात सांगतात आणि वर्गाबाहेर हाच खेळ खेळतात. रोमन इतिहासकार लिव्ही याने दोन हजार वर्षांपूर्वी आपला ग्रंथ मध्येच थांबवून अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मांडला होता. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये अशा निबंधांचे एक पुस्तक निघाले, त्यात विन्स्टन चर्चिलचाही लेख होता. त्याची युक्ती नामी होती. अमेरिकन यादवीतली गेटिसबर्गची लढाई प्रत्यक्षात जनरल ली हरला. चर्चिलच्या लेखातला निवेदक मात्र ली जिंकलेल्या जगात बसला आहे आणि तिथून विचारतो आहे, की बाबांनो, ली हरला असता तर?

मराठीत हा खेळ सर्वांत उत्तम खेळला तो इतिहासकाराने नव्हे, खगोलशास्त्रज्ञाने. जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात गेली आणि अनेक वर्षे देशभरातल्या मुलांनी ती अभ्यासली. मराठी कथेची ओळख आधी इंग्रजीच्या तासाला झालेले मराठी विद्यार्थीही त्यात थोडेथोडके नसतील. ज्याने ती परीक्षेपुरती वाचली असेल, त्याने आता निवांत वाचून पाहावी.

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याचे इतिहासकार. सभा-परिसंवादांची अध्यक्षपदे भूषवण्यात हातखंडा. पानिपतावरच्या एका परिसंवादाला निघण्यापूर्वी त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच जगात जागे होतात. हे वेगळेपण नारळीकर ढोल वाजवून सांगत नाहीत. पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी सरहद्दीवर थांबते आणि गणवेशातला अँग्लो-इंडियन तपासनीस परवाने बघत डब्यातून फिरतो. इथून पुढे इंग्रजांचे राज्य. सहप्रवासी खानसाहेब पेशावरला निघालेले, आणि मुंबईहून पेशावर हा त्यांच्या लेखी अगदी साधा प्रवास. मुंबईत उतरल्यावर दिसते, की ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून शाबूत आहे. गंगाधरपंत मुलाला शोधायला त्याच्या कचेरीत जातात, तर त्या नावाचा माणूस तिथे कधी नव्हताच. कुठल्याही लढाईपेक्षा हा प्रसंग जास्त अंगावर येतो. इतिहास बदलला की नकाशा बदलतो हे आपण धरूनच चालतो; पण आपला पोरगा जन्मालाच आलेला नाही, हे आपल्या गणितात कधी नसते.

मग हा माणूस करतो काय? ग्रंथालय गाठतो. टाऊन हॉलमध्ये बसून स्वतःच्याच नावावरचे इतिहासाचे खंड काढतो आणि फरक कुठे पडला ते शोधू लागतो. पहिले खंड ओळखीचे. पाचव्या खंडात पानिपताशी पोचल्यावर उलगडा होतो: १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाला चाटून गेली. पुतण्या पडला नाही म्हणून भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत घुसले नाहीत, सेनेचा धीर सुटला नाही आणि अब्दालीचा बेत फसला. पुढे विश्वासराव आणि माधवराव या भावांनी राज्य वाढवले, दिल्लीचा बादशहा नामधारी उरला आणि इंग्रज मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या आसपास अडकून पडले. मुंबई त्यांच्याकडे राहिली ती भाडेपट्ट्याने, आणि तो पट्टा २००१ साली संपायचा होता. बारीक विनोद करण्यात नारळीकरांचा हात कोणी धरू शकत नसे.

नारळीकर इथेच थांबले असते तर ही एक गोड मनोराज्याची कथा ठरली असती. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे पान असते. मग राजेंद्र देशपांडे हा त्यांचा वैज्ञानिक मित्र त्यांना दोन गोष्टी समजावतो. एक कॅटस्ट्रोफी थिअरी: काही वळणांवर परिस्थिती इतकी नाजूक असते, की कारणात तिळाएवढा फरक पडला तरी परिणाम एकदम दुसऱ्याच बाजूला उडी मारतो. दुसरी क्वांटम विज्ञानाची: अणूच्या आतले कण एका वेळी एकाच ठरावीक जागी सापडतील याची हमी नसते, तेव्हा अनेक शक्यता शेजारीशेजारी नांदत असतील असे मानता येते. कथेपुरता हा तर्क पुरतो. तो सिद्ध झालेले विज्ञान आहे असा दावा नाही, पण लेखकाने वाचकाच्या हातावर तुरी दिल्या नाहीत.

या कथेत एक जागा कच्ची आहे, आणि ती सांगायला हवी. पानिपत जिंकल्यावर सगळे जरा सुरळीतच होते. विज्ञानाला राजाश्रय मिळतो, लोकशाही येते, भाऊबंदकी फारशी आड येत नाही. मराठेशाहीची कागदपत्रे चाळलेल्या माणसाला हे पचायला जड जाते. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी पानिपताची कारणे शोधताना रसद, पैसा, उत्तरेतल्या राजांशी तुटलेले संबंध असे कितीतरी धागे तपासले. एक गोळी हुकल्याने ते सगळे सुटत नाहीत. तरीही कथा उभी राहते, कारण नारळीकरांनी एकच खुंटी हलवली आणि बाकी जगाला तिच्यामागे फरपटत जाऊ दिले. दहा खुंट्या हलवणाऱ्या लेखकाला शेवटी कथा टांगायला भिंतच उरत नाही.

नारळीकरांचा कथालेखनातला प्रवेशही एखाद्या रहस्यकथेत शोभावा असाच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव बनवले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या हातचे. बक्षीस मिळाले तेव्हाच जगताप कोण ते कळले. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, तिथून परतणाऱ्याचे वय आणि घरच्यांचे वय यांचा मेळ बसत नाही, या भौतिकशास्त्रातल्या गोष्टीवर ती कथा बेतली आहे.

ही कल्पना आपल्या पुराणांना अगदीच परकी नाही. राजा ककुद्मी मुलगी रेवती हिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणे चालू होते म्हणून घटकाभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात योजलेले सगळे जावई, त्यांची नातवंडे-पतवंडे, सगळे काळाच्या पोटात गेलेले. शेवटी रेवती बलरामाला दिली. विष्णुपुराण पुढे सांगते, की जुन्या युगातली ती मुलगी फारच उंच निघाली, तेव्हा बलरामाने नांगराच्या फाळाने तिला बेताची करून घेतली. कालप्रवासाचे इतके घरगुती दुष्परिणाम एच. जी. वेल्सलाही सुचले नाहीत. मात्र इथे काळ ओलांडला जातो तो दैवयोगाने. वेल्सच्या १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मध्ये माणूस स्वतःच यंत्र बनवून खोगिरावर बसतो आणि दांडा ओढतो. मोठा बदल आहे तो एवढाच, आणि आधुनिक कालप्रवासकथा त्यातूनच निघाली.

सोलापूरच्या पूर्व भागाला हे यंत्र ओळखीचे आहे, आणि तेही मराठीतून नव्हे. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हा भाग वसवला. घरात तेलुगू बोलली जाते, आणि तेलुगू चित्रपटांना या शहरात हक्काचा प्रेक्षक आहे. सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या ‘आदित्य ३६९’ मध्ये (१९९१) नायक यंत्रात बसून १५२६ साली थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात उतरतो, तेनाली रामाला भेटतो आणि मग २५०४ सालात जातो. २०२२ च्या ‘बिंबिसार’मध्ये एक क्रूर राजा जुन्या काळातून आजच्या शहरात येऊन आदळतो. ज्या विजयनगरच्या नाशाची सुपारी सोलापूरच्या आंदणाने फुटली, ते भरभराटीतले विजयनगर याच गावातल्या पडद्यावर पाहायला मिळावे, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही.

मराठी रंगभूमी आणि पडदा मात्र बहुतेक वेळा उलटा प्रवास करतात. आजचा माणूस मागे जात नाही. मागचा माणूस आज येतो, आणि येतो तो कान उपटायला. २००९ च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये महाराज गांजलेल्या मराठी माणसाला जागे करतात. राजकुमार तांगडे यांच्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात २०१२ मध्ये यम पृथ्वीवर उतरला आणि त्यानिमित्ताने शिवाजी नेमका कोणाचा, हा वाद रंगमंचावर आला. दुसरे उदाहरण कितीतरी धारदार आहे. पण दोन्हींत गतकाळ हा वडीलधारा आहे. त्याने येऊन आपल्याला सांगायचे, आपण जाऊन त्यात ढवळाढवळ करायची नाही.

गंगाधरपंतांना मराठीत फारसे वारस का मिळाले नाहीत, याचे एक कारण इथेच असावे. १९८८ मध्ये आलेली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ घरोघरी वाचली गेली, आजही वाचली जाते. ती वाचताना वाचक हळहळतो आणि ती हळहळ त्याला हवी असते. पर्यायी इतिहास ती हिरावून घेतो. शिवाय आपल्याकडे पूर्वजांचा जय बदलून पराजय केला तर लेखकाच्या दारात मोर्चा यायचा धोका, आणि पराजयाचा जय केला तर वाचक म्हणणार, छान, पण खरे नाही ना. धाडस अंगाशी येणार हे ठरलेलेच.

निखळ अद्भुताला एवढी अडचण कधी आली नाही. १८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी छापून येऊ लागल्या आणि त्याच साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्या जागवल्या. नारायण धारपांनी भयाच्या आडून वेगळ्या मिती उघडल्या. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णींनी ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ लिहिल्या. त्यांतली गावे कुठल्याच नकाशावर नाहीत, पण तिथली तहान, धूळ आणि क्रौर्य मराठी वाचकाला शेजारच्या तालुक्याइतके ओळखीचे वाटते. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांच्या दिवाळी अंकांनी हा वाचक टिकवला. टॉल्किनचे महाकाव्यसदृश त्रिखंड मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणले आणि हॅरी पॉटरची बरीचशी पुस्तके मंजूषा आमडेकरांनी. वाचकाची वानवा नाही, तेव्हा प्रश्न लेखकाचाच उरतो.

आणि त्याच्यासाठी सोलापुरात आणखी एक विषय पडून आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली, चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट जाळले, अधिकाऱ्यांनी शहरातून पाय काढता घेतला. त्यानंतर ९ ते ११ मे हे तीन दिवस सोलापुरात ब्रिटिशांचे राज्य चालत नव्हते. रस्त्यांवरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला आणि त्या काळात गांधी टोपी घालणेसुद्धा गुन्हा ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांचे पुतळे शहरात आहेत आणि दर जानेवारीत त्यांना हार घातले जातात.

या तीन दिवसांत चौथा दिवस मिळवणारी कथा लिहायची तर फौज उशिरा पोचवणे सोपे आहे, एखादा रूळ उखडला की झाले. अवघड भाग त्यानंतरचा. १२ मे १९३० हा सोमवार होता. त्या सकाळी गिरण्यांचा भोंगा कोणाच्या हुकमाने वाजणार, कापूस कुठल्या गाडीने येणार, मालक कोणाकडे दाद मागणार आणि महिनाअखेरीला साळ्याचा पगार कुठल्या नाण्यात होणार, हे लेखकाला आधी ठरवावे लागेल.