गंधकास अधातु कां म्हणतात?

गंधक व चुना हीं दोन्ही द्रव्यें भुकटीच्या रूपानें मिळतात. म्हणून जमीन सुधारण्यास एकाऐवजीं दुसरें चालेल, असा समज चोपण जमिनीच्या धन्यास महाग पडतो. या भेदाचें मूळ धातु व अधातु यांच्या स्वभावांत आहे. तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

लोखंड, तांबें चकाकतात, ठोकल्यास पसरतात व त्यांतून वीज सहज वाहते. गंधकाचा ठोकल्यास भुगा होतो व तो विजेस वाट देत नाहीं. परंतु केवळ रूपावरून निवाडा करूं नये. शिसपेन्सिलींतील ग्राफाइट वीज वाहून नेतो, तरी तो अधातु. पारा पातळ, तरी तो धातु. १७८९ सालीं लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ३३ मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली, तींत गंधक, फॉस्फरस व कार्बन यांस आम्ल देणारे अधातु म्हणून धातूंपासून निराळें काढलें होतें.

याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. गंधकाच्या अणूच्या बाहेरील कक्षेंत सहा इलेक्ट्रॉन असतात. आठ पुरे करण्यासाठीं तो आणखी दोन घेऊं पाहतो. कॅल्शियमपाशीं बाहेर दोनच असतात, ते तो देऊन टाकतो. घेणारा तो अधातु, देणारा तो धातु, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी मिळालें म्हणजे गंधकापासून आम्ल व कॅल्शियमपासून अल्क उपजतें.

कळीचा चुना हा कॅल्शियम व प्राणवायु यांचा संयोग होय. तो आम्ल जमिनीस हितकर. चोपणाची अल्कता त्यानें कमी होत नाहीं. तेथें गंधक उपयोगी. ओल व ऊब असतां मातींतील सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल बनवितात. तें चुनखडीशीं मिळून जिप्सम होतें, व जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांस चिकटलेल्या सोडियमास हुसकून लावतो. हा सोडियम पाण्याबरोबर चरांवाटे शेताबाहेर गेलाच पाहिजे. निचरा नसेल तर खर्च व्यर्थ.

मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावे. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, गंधक काम करील. न आले तर जिप्समच घालावें. प्रमाण मात्र मातीची परीक्षा करवूनच ठरवावें. नीरा, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील बंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंती आहे.